बाप गेला, तरी लेकरू आईजवळच राहू शकतं
निराधार लेकरांचा खर्च नगरपालिका करते असं पारोळ्यात बरेच जण मला सांगतात. तसं नाही. निर्णय बालकल्याण समितीचा, पैसा महिला व बालविकास विभागाचा.

१९२४ला मुंबई बालक कायदा आला, १९२७ला मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी निघाली. पुढे रीतच पडली : मूल संस्थेनं सांभाळायचं, सरकारनं मुलामागे अनुदान द्यायचं. पैसा संस्थेकडे, म्हणून लेकरूही संस्थेकडे!

बालसंगोपन योजनेनं तोच पैसा घराकडे वळवला. आधी महिना ४२५ रुपये, कोविडनंतर ११००, २०२३पासून २२५०. आई, आजी, मामा कुणीही सांभाळत असो, अर्ज करता येतो. जळगावला जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात चौकशी करा. गल्लीत असं घर असेल तर आजच सांगा.