मालवणच्या पाण्याखालचे प्रवाळ : दगड नव्हे, जिवंत प्राणी

मालवण : सिंधुदुर्ग किल्ला बघायला येणारे पर्यटक आता किल्ल्याजवळच्या पाण्यातही उतरतात. पावसाळा सरला की साधारण ऑक्टोबर ते मे या काळात येथे स्कूबा डायव्हिंग चालते. खाली जे रंगीत दगड वाटतात, ते प्रवाळ म्हणजेच पोवळी आहेत.

प्रवाळ म्हणजे काय?
प्रवाळ हा इवलासा प्राणी. हजारो प्राणी एकत्र राहून चुन्याचा सांगाडा बांधतात. त्यांच्या अंगात बारीक शेवाळ असते. ते उन्हावर अन्न तयार करते आणि प्रवाळालाही देते. पाणी फार तापले की हे शेवाळ निघून जाते आणि प्रवाळ पांढरा पडतो. पाणी लवकर निवले नाही तर तो मरतो. काही जाती वर्षाला जेमतेम एक सेंटीमीटर वाढतात. म्हणजे लाथ लागून वीतभर तुकडा तुटला, तर वीसेक वर्षांची वाढ गेली.

मच्छीमारांशी संबंध
गोबरा, तांबोशी असे मासे या कपारींच्या आडोशाला राहतात. लहान मासळीलाही तिथेच आसरा मिळतो. 1987 मध्ये येथे 29.12 चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य जाहीर झाले. मासेमारीवर बंदी येईल या भीतीने स्थानिकांनी त्याला विरोध केला. प्रवाळ टिकले तर मासळी आणि पर्यटन, दोन्हींचा रोजगार टिकतो.

उतरण्यापूर्वी हे लक्षात ठेवा
- दमा, हृदयविकार असेल किंवा सर्दीने कान बंद असतील तर आधी सांगा. दारू पिऊन उतरू नका.
- श्वास तोंडाने घ्यायचा आणि कधीही रोखून धरायचा नाही.
- कान दुखले तर नाक दाबून हळूच फुंकर मारा. तरीही थांबले नाही तर प्रशिक्षकाला खूण करा.
- पाण्याखाली अंगठा वर म्हणजे 'छान' नव्हे, 'वर चला'. सगळे ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करा.
- फोटोसाठी प्रवाळावर उभे राहू नका, हात लावू नका. माशांना पाव-बिस्किटे घालू नका.
- होडीचा नांगर प्रवाळावर टाकू देऊ नका.

वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार प्रवाळांना संरक्षण आहे. तुकडा तोडून घरी नेणे किंवा विकणे हा गुन्हा आहे.