उंबरखिंड : बंदूक भरण्याइतका वेळ

१/ खालापूर तालुक्यात चावणी गावाजवळ, अंबा नदीच्या पात्रालगत उंबरखिंडीचे विजयस्मारक उभे आहे. २ फेब्रुवारी १६६१ रोजी येथे कारतलबखानाची मोगली फौज शिवाजी महाराजांना शरण आली. चिंचोळी वाट, दाट अरण्य, माथ्यावर दबा धरून बसलेले मावळे ही कारणे शाळकरी मुलांनाही पाठ असतात. पण खानाच्या फौजेजवळ बंदुका होत्या. त्या तिथे इतक्या निरुपयोगी का ठराव्यात?

२/ पार्श्वभूमी थोडक्यात. शायिस्ताखान पुण्यात तळ देऊन होता. १६६० मध्ये त्याने चाकणचा किल्ला घेतला होता. पुढचे लक्ष्य कोकण. त्या कामगिरीवर निघालेल्या कारतलबखानाने बोरघाटाची रुळलेली वाट टाळली आणि लोणावळ्याच्या दक्षिणेकडून, कुरवंडे घाटाने खाली उतरण्याचे ठरविले. सोबत माहूरच्या देशमुख घराण्यातील रायबागन होती.

३/ आता बंदुकीकडे वळू. आजच्या अर्धस्वयंचलित रायफलीत एक बार उडाला की त्याच्याच जोरावर बोल्ट मागे सरकतो, रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते, मॅगझिनमधली स्प्रिंग पुढचे काडतूस वर ढकलते आणि परत येणारा बोल्ट ते नळीच्या तोंडाशी नेऊन बसवितो. नवी रायफल अडू लागली, तर जाणकार आधी मॅगझिन, मग काडतूस, मग नळीचे तोंड तपासतो. १६६१ मध्ये या साऱ्या यंत्रणेचे काम एका माणसाचे दोन हात करीत.

४/ बंदूक ठासणीची आणि तोड्याची. नळी उभी धरायची, बेताची दारू ओतायची, वरून गोळी सोडायची, गजाने ठासायची, मग कानाशी बारीक रंजक घालायची. जळता तोडा एवढा वेळ दारूपासून दूर ठेवायचा. शेवटी तो चापात अडकवून, राख झटकून, फुंकर घालून निखारा जागा करायचा. सराईत हातांनाही मिनिटाला एखाद-दुसरा बार, तोही सारे सुरळीत पार पडले तर.

५/ आणि सुरळीत क्वचितच पार पडे. दारू दमट असली की रंजक भुरकन जळून जाई आणि बार आतच राही. कान राखेने बुजे. काही बार उडाले की नळीत काजळीचा थर साचे आणि गोळी मध्येच अडके. अशी अर्धवट ठासलेली बंदूक डागली तर नळीच फुटण्याची भीती. त्याच काळात हिंदुस्थानात असलेला फ्रेंच प्रवासी बर्निये मोगल बंदूकच्यांची थट्टा करतो: दाढी जळेल, बंदूक फुटेल, या धास्तीनेच ते बार काढतात. बंदूकवाला दोनदा बार काढीपर्यंत घोडेस्वार सहा बाण सोडतो, असेही तो लिहितो. थट्टेचा भाग सोडला तरी हिशेब चुकीचा वाटत नाही.

६/ हाच हिशेब खिंडीत लावून पाहावा. गज वर-खाली करायला उभे राहावे लागते, आणि उभा माणूस वरून सरळ दिसतो. शेजाऱ्याच्या हाती जळता तोडा, आपल्या हाती उघडी दारू, आणि मागून घोडी व ओझ्याची जनावरे रेटा देत असलेली. मोकळ्या मैदानावर एक रांग बार काढून मागे सरते नि दुसरी पुढे येते. येथे मागे सरायला जागाच नव्हती. काजळी धुवायची तर पाणी हवे, आणि फौज तहानेनेच व्याकूळ झालेली.

७/ मावळ्यांच्या बंदुका काही वेगळ्या नव्हत्या. भरायला तितक्याच संथ. उलट नळी उतारावर रोखताना चिंधी ठासून गोळी अडवली नाही, तर ती घरंगळून बाहेर पडायची. पण बार काढून खडकाआड बसावे, निवांत ठासावे आणि पुन्हा डोके वर काढावे, एवढी सवड त्यांना डोंगराने दिली होती. शौर्याचे मोल याने उणे होत नाही. मात्र मूठभरांनी हजारोंना केवळ तलवारीच्या बळावर हरविले, हे नेहमीचे चित्र अपुरे आहे.

८/ शेवटी रायबागनने खानाला सुनावले की या अरण्यात शिरलास हीच चूक झाली, आता शरण जा. खानाने वकील पाठविला. खंडणी ठरली, सामानसुमान मागे राहिले आणि फौजेला परतीची वाट मोकळी करून देण्यात आली. मोगलांवर नजर ठेवायला नेताजी पालकरांना मागे ठेवून महाराज लगोलग दाभोळच्या रोखाने निघाले.