डोंगराच्या पोटातला हिमकण

ऑक्टोबर लागला की अल्बर्टात, मॅनिटोबात, मिनेसोटात टायरच्या दुकानांबाहेर पिकअप गाड्यांची रांग लागते. तिकडे घरोघरी असणाऱ्या या गाडीला सगळे ट्रकच म्हणतात. टायर झिजलेले असतात, पहिला बर्फ तोंडावर आलेला असतो आणि गिऱ्हाइकाला असा एकच टायर हवा असतो, जो उन्हाळ्यात खडीच्या रस्त्यावर टिकेल, शेतातल्या चिखलात रुतणार नाही, हायवेवर कान किटवणार नाही आणि पाच महिन्यांच्या हिवाळ्यात दगा देणार नाही. अशा टायरला ऑल-टेरेन म्हणतात. दुकानात तो भिंतीला टेकवून ठेवलेला असतो आणि त्याचे जाडजूड ठोकळे, खोल खाचा बघूनच निम्मी गिऱ्हाइकं भुलतात.

जाणता विक्रेता मात्र टायरच्या कुशीवर बोट ठेवतो. मापाच्या आकड्यांच्या आसपास तिथे दोन खुणा शोधायच्या असतात. एक आहे एम+एस ही अक्षरं, म्हणजे चिखल आणि बर्फ. दुसरी खूण बोटाच्या पेराएवढी, काळ्यावर काळी, त्यामुळे उजेडात तिरपं धरल्याशिवाय नीट दिसत नाही. तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात सहा पाकळ्यांचा हिमकण. या दोन खुणा सख्ख्या बहिणी वाटतात, पण त्यांची कुळं वेगळी आहेत. एक टायरच्या आकाराबद्दल बोलते, दुसरी त्याच्या वागण्याबद्दल. कडक हिवाळ्यासाठी टायर निवडताना सगळ्यात मोठी फसगत होते ती इथेच, कारण आकार डोळ्यांना दिसतो आणि रबराचा स्वभाव दिसत नाही.

रबर आणि थंडी यांचं वैर टायरपेक्षा जुनं आहे. १८३०च्या दशकात अमेरिकेच्या ईशान्य भागात रबरी बूट आणि डगल्यांची लाट आली होती. पहिल्या हिवाळ्यात ते बूट लाकडासारखे ताठ झाले आणि उन्हाळ्यात वितळून त्यांना घाण वास सुटला. कारखाने बुडाले. चार्ल्स गुडइयर नावाचा कर्जबाजारी माणूस याच प्रश्नाच्या मागे लागला होता. १८३९ साली त्याला कळलं की रबरात गंधक मिसळून तापवलं तर ते थंडीत ताठ होत नाही आणि उन्हात चिकटही होत नाही. १८४४ साली त्याला पेटंट मिळालं. टायरच्या धंद्याचा पाया असा हिवाळ्याने घातला आहे. पण गंधकाने प्रश्न मिटला नाही, नुसता पुढे ढकलला गेला. प्रत्येक रबराला एक तापमान असतं, ज्याच्याजवळ पोचताना ते हळूहळू आपला लवचिकपणा सोडतं. उन्हाळी टायरचं मिश्रण साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली ताठ व्हायला लागतं, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. ताठ झालेलं रबर रस्त्याच्या बारीक उंचसखलपणात शिरत नाही, वरच्यावर घसरतं. मग त्यावर नक्षी कितीही खोल असो.

सुरुवातीच्या मोटारींच्या टायरला तर नक्षीच नव्हती. न्यूयॉर्क राज्यातल्या कॅनास्टोटा गावचा हॅरी वीड चाकांना दोर गुंडाळून चिखलातून गाडी काढणारे लोक बघत असे. त्याने दोराऐवजी साखळी लावली आणि १९०४ साली तिचं पेटंट घेतलं. बर्फाच्या रस्त्यांवर बांधायच्या चेन तिथून सुरू झाल्या. मनालीच्या वरच्या अंगाला बर्फ पडला की आजही चेन बांधलेल्या किंवा फोर बाय फोर गाड्यांनाच पुढे सोडतात, ती हीच युक्ती. १९०८ साली फायरस्टोनने टायरच्या तळावर 'नॉन स्किड' ही अक्षरंच तिरपी कोरली. जाहिरातही झाली आणि अक्षरांच्या कडांनी पकडही दिली. घसरू नये म्हणून टायरवर कोरलेल्या सुरुवातीच्या नक्षींपैकी ती एक.

बर्फासाठी म्हणून मुद्दाम घडवलेला पहिला टायर मात्र फिनलंडमध्ये जन्मला, आणि तो ट्रकसाठी होता. सुओमेन गुमितेहदास या कंपनीने, म्हणजे आजच्या नोकियन टायर्सच्या पूर्वजाने, १९३४ साली केलिरेंगास नावाचा टायर आणला. तेव्हा फिनलंडमध्ये हिवाळ्यात माल पोचवणं म्हणजे चेन बांधा, सोडा, पुन्हा बांधा असा दिवसभराचा छळ होता. केलिरेंगासच्या तळावर आडव्या जाड पट्ट्या होत्या. त्या भुसभुशीत बर्फात रुतत आणि गाडी पुढे ढकलत. दोन वर्षांनी, १९३६ साली, त्याच कंपनीने मोटारींसाठी हाक्कापेलिता आणला आणि ते नाव आजही चालू आहे. ट्रकवाल्यांनी हा इतिहास लक्षात ठेवायला हवा असं मला मनापासून वाटतं, कारण हिवाळी टायर हे मोटारींचं लाड पुरवणारं खेळणं आहे असा समज अजून बऱ्याच पिकअपवाल्यांत आहे. त्याचा जन्मच मालवाहू चाकासाठी झाला.

त्या आडव्या पट्ट्या काम कशा करत, हे कळलं की पुढचं सगळं सोपं होतं. लाडू वळताना भुगा दाबला की भुग्याला भुगा धरतो, तसंच बर्फाचं आहे. टायरच्या खाचेत बर्फ दाबून भरतो आणि खालच्या बर्फाला धरून राहतो. बर्फावर बर्फाची पकड रबराच्या पकडीपेक्षा चांगली. म्हणून बर्फ खाचेत थोडा राहिला पाहिजे. चिखलासाठी बनवलेल्या मड-टेरेन टायरच्या खाचा मात्र उघड्या, रुंद असतात, चिखल झटकून टाकण्यासाठी. खोल ताज्या बर्फात ते टायर दणकून चालतात. पण शहरातल्या दाबल्या गेलेल्या निसरड्या बर्फावर त्यांचे मोठे, सलग ठोकळे सरळ घसरत जातात. सगळ्यात राकट दिसणारा टायर चौकातल्या सिग्नलला सगळ्यात उशिरा थांबतो, तो यामुळे.

निसरड्या बर्फाचं औषध वेगळ्याच घरातून आलं. जॉन साइप हा अमेरिकेतल्या कत्तलखान्यात काम करायचा आणि ओल्या फरशीवर सारखा घसरायचा, म्हणून त्याने बुटाच्या तळव्याला बारीक चिरा मारल्या, असं सांगतात. १९२३ साली त्याने या चिरांचं पेटंट घेतलं. टायरच्या ठोकळ्यांवर सुरीने ओढल्यासारख्या ज्या नागमोडी रेघा दिसतात, त्यांना धंद्यात आजही साइपच म्हणतात. गाडीचा भार आला की चीर किंचित उघडते आणि तिच्या दोन्ही कडा बर्फाला खरवडतात. निसरड्या बर्फावर पाण्याचा अगदी पातळ थर असतो आणि तो शून्य अंशाजवळ सगळ्यात त्रासदायक. उणे २० अंशांत बर्फ जास्त कोरडा असतो आणि थोडी बरी पकड देतो. हिवाळ्याच्या दोन टोकांना, नोव्हेंबरात आणि मार्चमध्ये, गाड्या जास्त सरकतात त्यामागे हेही एक कारण आहे. चिरा हा पाण्याचा थर मोडतात. दुकानात दोन ऑल-टेरेन टायर शेजारी ठेवून त्यांच्या ठोकळ्यांवरून अंगठा दाबून फिरवावा. एकाचा ठोकळा सलग दगडासारखा लागतो, दुसऱ्याचा चिरांमुळे किंचित दबतो, हलतो. कोणता घ्यायचा हे अंगठ्याला कळतं.

मधल्या काळात लोकांना वाटलं की लोखंडच उत्तर आहे. १९६०च्या दशकात धातूचे खिळे बसवलेले टायर उत्तर युरोपात आणि अमेरिकेत पसरले. बर्फावर ते अप्रतिम होते, पण कोरड्या रस्त्यावर डांबर किसून काढत. रस्ते खराब होतात म्हणून मिनेसोटाने १९७१ साली त्यांच्यावर बंदी घातली. जपानमध्ये तर वाहतूक इतकी दाट की सेंदाईसारख्या शहरांत खिळ्यांनी उडवलेल्या रस्त्याच्या धुळीने लोकांचा श्वास कोंडला. १९९०च्या कायद्याने तिथे खिळ्यांचे टायर हद्दपार झाले.

पण या बंदीच्या धसक्यानेच टायरच्या इतिहासातलं सगळ्यात सुंदर काम झालं. लोखंड जाणार हे दिसू लागल्यावर रबरालाच शहाणं करावं लागलं. ब्रिजस्टोनने १९८८ साली ब्लिझॅक बाजारात आणला. त्याच्या रबरात सूक्ष्म छिद्रं होती, बर्फावरचा पाण्याचा थर ती शोषून घेत. मग १९९२ साली मिशेलिनने रबराच्या मिश्रणात काजळीच्या जागी बऱ्याच अंशी सिलिका घातली. ओल्या रस्त्यावर पकड आणि इंधनाची बचत हा त्यामागचा मुख्य हेतू, पण सिलिकाच्या मिश्रणाला गारठ्यातही लवचीक ठेवता येतं हे लवकरच सगळ्यांनी हेरलं. नक्षी, चीर आणि मिश्रण अशा तीन पिढ्या इथे पुऱ्या झाल्या.

ऑल-टेरेन टायर या कुळात जन्मलेलाच नाही. त्याचं गाव वाळवंट आहे. मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियात १९६७पासून वाळू, काटे आणि धारदार दगडांतून शेकडो मैलांच्या शर्यती होऊ लागल्या. त्या वातावरणात बीएफगुडरिचने १९७६ साली हलक्या ट्रकसाठीचा रेडियल ऑल-टेरेन आणला आणि आज दिसणाऱ्या सगळ्या ऑल-टेरेन टायरांचा तो मूळपुरुष ठरला. धारदार दगडावर टिकायचं तर रबर कडक आणि चिवट हवं, नाहीतर ठोकळ्यांचे तुकडे उडतात. बर्फावर टिकायचं तर रबर मऊ हवं. एकाच टायरला या दोन्ही अटी घालणं ही मूळचीच ओढाताण आहे. प्रत्येक कंपनी त्यात आपला तोडगा काढते आणि गिऱ्हाईक प्रत्यक्षात तो तोडगा विकत घेत असतं.

एम+एस ही अक्षरं याबाबतीत काहीच सांगत नाहीत. अमेरिकेतल्या रबर उत्पादकांच्या संघटनेने त्यांची व्याख्या केली ती भूमितीवर, म्हणजे कडेला किती खाचा आणि तळावर किती मोकळी जागा. टायर बर्फावर पळवून बघायची अटच नव्हती. १९७७ साली गुडइयरने टिएम्पो नावाचा बारमाही टायर आणल्यावर ही अक्षरं इतक्या टायरांवर आली की त्यांना अर्थ उरला नाही. म्हणून १९९९ साली अमेरिकेच्या आणि कॅनडाच्या रबर संघटनांनी डोंगर आणि हिमकणाची खूण ठरवली आणि तिला परीक्षा जोडली. मध्यम दाबलेल्या बर्फावर ठरलेल्या नमुना टायरची ओढ १०० धरायची, आणि ज्या टायरची ओढ किमान ११० भरेल त्यालाच खूण. कागदावर साधी वाटणारी ही अट क्रांतिकारक होती, कारण नुसत्या दिसण्यावर पास होणं बंद झालं.

कायद्यांनाही हे पटलं. क्वेबेकने २००८ साली हिवाळी टायर सक्तीचे केले तेव्हा एम+एस चालत होतं. १५ डिसेंबर २०१४पासून तिथे हिमकणाची खूण किंवा खिळे असलेलेच टायर चालतात. नुसत्या एम+एसवाल्या भारदस्त ऑल-टेरेनवर हिवाळ्यात क्वेबेकमध्ये गाडी चालवणं बेकायदा आहे. जर्मनीनेही १ ऑक्टोबर २०२४पासून, हिवाळी परिस्थितीत, निव्वळ एम+एसला मानणं बंद केलं. ऑल-टेरेनवाल्यांना मग वाळवंटातून डोंगरावर यावंच लागलं. बीएफगुडरिचचा २०१४चा केओ-टू, फाल्केनचा वाइल्डपीक, टोयोचा ओपन कंट्री ए/टी थ्री असे कितीतरी टायर आज ही खूण मिरवतात.

म्हणून निवडताना पहिली चाळणी हिमकणाची, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्या खुणेची मर्यादाही माहीत हवी. ती परीक्षा गाडी पुढे ओढण्याची आहे. गुळगुळीत बर्फावर ब्रेक मारण्याची नाही, वळण्याची तर नाहीच. फोर व्हील ड्राइव्हही इथे मदतीला येत नाही, कारण ती सुटायला मदत करते, थांबायला नाही. ज्यांचं जाणंयेणं खडीच्या, शेताच्या, न झाडलेल्या रस्त्यांवर आहे, त्यांना हिमकणवाला, भरपूर चिरांचा ऑल-टेरेन बारा महिने पुरतो. ज्यांचा ट्रक रोज शहरातल्या दाबलेल्या बर्फावरून मुलांना शाळेत सोडतो, त्यांनी उन्हाळ्यासाठी ऑल-टेरेन आणि हिवाळ्यासाठी खरे हिवाळी टायर असे दोन संच ठेवावेत. आठ टायरांचा खर्च एकदम अंगावर येतो हे खरं, पण दोन्ही संच अर्धं वर्षच झिजतात.

मापातही लोक वाहवत जातात. रुंद टायर गाडीला शोभतो, पण ताज्या बर्फावर तरंगतो. अरुंद टायर बर्फ कापून खालच्या रस्त्याला लागतो. लोड रेंज ई हा जाड, दहा प्लाय ताकदीचा टायर. जड ट्रेलर ओढणाऱ्याला तो हवाच. रिकाम्या हौद्याने फिरणाऱ्या हलक्या पिकअपला मात्र तो विनाकारण जड आणि कडक पडतो. मूळ टायर साधा असेल आणि नवा हलक्या ट्रकच्या वर्गातला, म्हणजे एलटी, घेतला, तर तोच भार पेलायला त्याला जास्त हवा लागते, दारावरच्या पट्टीवरचा जुना आकडा पुरत नाही. चारही टायर एकाच जातीचे घ्यावेत. मागे चांगले आणि पुढे जुने असा हिशेब बर्फावर अंगाशी येतो. २० अंशांच्या गॅरेजमध्ये ३५ पीएसआय भरलेली हवा बाहेर उणे २० अंशांत जवळपास २८वर येते, तेव्हा पहिल्या कडाक्याला हवा पुन्हा तपासायची.

आणि हिमकण कोरलेला असतो तो नव्या टायरवर. बऱ्याच टायरांत चिरा ठोकळ्याच्या पूर्ण खोलीपर्यंत जात नाहीत. टायर अर्धा झिजला की काही चिरा संपतात आणि कुशीवरचं चित्र मात्र तसंच राहतं. विकत घेताना चीर कुठवर उतरली आहे हे वाकून बघायचं ते यासाठी. सर्वसाधारण कायदेशीर किमान खोली १.६ मिलिमीटर असली, तरी ब्रिटिश कोलंबियात हिवाळी टायर ठरलेल्या रस्त्यांवर किमान ३.५ मिलिमीटर नक्षी शिल्लक असल्याशिवाय हिवाळी टायर मानलाच जात नाही.