वंध्य वृक्ष : एका जनुकाचा आणि एका शब्दाचा इतिहास

४ मे २०२५ रोजी ‘कमला’ आणि ‘पुसा डीएसटी राइस १’ हे जनुक-संपादित भाताचे दोन वाण दिल्लीत जाहीर झाले. भातानंतर कोण, या प्रश्नाचे एक उत्तर वनवृक्षांच्या प्रयोगशाळांत घडते आहे. तेथील उद्दिष्ट मात्र उलटे आहे. भातात अधिक दाणा हवा असतो. वृक्षाला बी धरूच नये, असा येथे प्रयत्न आहे.

कारण समजण्याजोगे आहे. लागवडीतील झाड पराग आणि बिया सोडते. त्यामुळे परकी जात रानात शिरू शकते, आणि बदललेले जनुक रानातील नातेवाइकांत मिसळू शकते. फुलोरा वांझ झाला, तर ही वाट बंद होते.

या कथेचा नायक ‘लीफी’ नावाचा जनुक. मोहरीच्या कुळातील अ‍ॅराबिडॉप्सिस या लहानशा रोपात त्याची ओळख पटली. तो बिघडला की फुलाच्या जागी पानांसारखी रचना येते. १९९५ साली डेटलेफ वायगेल आणि ओवे निल्सन यांनी हाच जनुक अ‍ॅस्पेन वृक्षात अतिरिक्त सक्रिय केला, तेव्हा वर्षानुवर्षांनी फुलणारे झाड काही महिन्यांतच फुलले. पुढे ओरेगन राज्य विद्यापीठात स्टीव्हन स्ट्रॉस यांच्या गटाने तीच कळ उलटी फिरवली. २०२१ साली एस्टेफानिया एलोरियागा आणि सहकाऱ्यांनी क्रिस्परने निलगिरीतील लीफी निकामी केला. कळ्या आल्या, पण त्यांत ना पराग होते ना बीजांडे. हरितगृहात वाढ मात्र खुंटली नाही.

भारतात या संशोधनाच्या वाटेत एक जुना शब्द उभा आहे : टर्मिनेटर. मार्च १९९८ मध्ये अमेरिकेचे कृषी खाते आणि डेल्टा अँड पाइन लँड कंपनी यांना वांझ बियाण्याच्या तंत्राचे पेटंट मिळाले. आपल्या पिकाचे बी राखून पुन्हा पेरण्याचा शेतकऱ्याचा हक्कच त्याने हिरावला असता. जगभर संताप उसळला. ऑक्टोबर १९९९ मध्ये मॉन्सॅन्टोने ते तंत्र बाजारात न आणण्याचे जाहीर केले. आपल्या संसदेने २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियमात, कलम २९ मध्ये, अपायकारक तंत्र असलेल्या वाणांची नोंदणी नाकारली आणि त्या तंत्रांत टर्मिनेटरचा स्पष्ट उल्लेख केला.

तो कायदा बियाणे डोळ्यांसमोर ठेवून लिहिला गेला. कागदासाठी लावली जाणारी क्लोन निलगिरी बियांपासून नव्हे, फांदीच्या कलमांपासून वाढवतात. तिचे वंध्यत्व शेतकऱ्याचे बी हिरावत नाही. म्हणजे तंत्र सारखे वाटले, तरी अन्याय सारखा नाही. तथापि नुकसान दुसऱ्या कोणाचे तरी होते : निलगिरीच्या मकरंदावर जगणाऱ्या मधमाश्यांचे आणि मधपाळांचे.

आणखी एक अडचण आहे, तिची चर्चा कमी होते. ३० मार्च २०२२ च्या केंद्रीय आदेशाने काही जनुक-संपादित वनस्पतींना जनुकांतरित पिकांच्या कडक नियमांतून सूट दिली. अट ही की अंतिम वनस्पतीत बाहेरचा डीएनए उरता कामा नये. भातात ही अट पुरी करणे सोपे आहे. क्रिस्परची यंत्रणा पेशीत घालून काम झाले की पुढच्या पिढीत ती नसलेली रोपे निवडता येतात. वृक्षाची पिढी मात्र अनेक वर्षांची, आणि संकर केला की निवडक क्लोनचे गुण विखुरतात. त्यातही जे झाड वांझच केले, त्याची पुढची पिढी आणायची कोठून? यंत्रणा झाडातच अडकून राहते. सुरक्षिततेसाठी केलेला बदलच सवलतीचा मार्ग अडवतो. बाहेरचा डीएनए न ठेवता संपादन करणे, अथवा काम झाल्यावर तो झाडातूनच कापून काढणे, हे म्हणूनच या क्षेत्रातील खरे आव्हान आहे.

आणि काळाची कसोटी उरतेच. भाताचा हंगाम काही महिन्यांचा. वृक्षाचे वंध्यत्व दशकानुदशके, उन्हापावसात टिकावे लागते. १९९८ च्या रोषाने आपल्याला एक योग्य प्रश्न शिकवला : वंध्यत्व कोणाच्या हिताचे? वृक्षांबाबत तो पुन्हा विचारावा. उत्तर मात्र जुन्या शब्दावरून नव्हे, नव्या पुराव्यावरून ठरवावे.