स्लॉटचा इतिहास : स्वस्त संगणक ‘वाढवता’ येतो तो कोणामुळे?

१/ गोंदिया शहराला अगदी लागून असलेल्या फुलचूरमधील एका दहावीतल्या वाचकाचा प्रश्न आजच्या धाग्याचे निमित्त आहे. घरात एक रिफर्बिश्ड संगणक आहे. चार जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क, ग्राफिक्स कार्ड नाही. गेम सुरू होतो, पण अडखळतो. पैसे बेताचे आहेत. तर आधी काय बदलावे? प्रश्न तांत्रिक आहे, आणि त्याचे उत्तर पुढे येईलच. मात्र इतिहासाच्या विद्यार्थ्याचे लक्ष ‘बदलावे’ या क्रियापदाकडे जाते. मोबाइल संथ झाला की आपण नवा मोबाइल घेण्याचा विचार करतो. त्यातील एखादा भाग वाढवण्याचा नव्हे. संगणकाच्या बाबतीत मात्र तो विचार आपल्याला सहज सुचतो. हे सहजपण फार जुने नाही आणि ते आपोआप आलेले नाही.

२/ भारतातील संगणकयुगाच्या आरंभी यंत्र वापरणाऱ्याच्या मालकीचेही नसे. आयबीएम कंपनी आपली १४०१ ही यंत्रे येथील संस्थांना भाड्याने देत असे. त्यांपैकी अनेक यंत्रे परदेशात वापरून झालेली, मुंबईच्या कारखान्यात डागडुजी करून पुन्हा उभी केलेली होती. थोडक्यात, रिफर्बिश्ड संगणकाची परंपरा आपल्याकडे साठ वर्षांची आहे! फरक एवढाच, की त्या यंत्राचे झाकण उघडण्याचा अधिकार भाडेकरूला नव्हता. पुढे परकीय चलन नियमन कायद्यातील भागभांडवलाची अट मान्य नसल्याने आयबीएमने १९७८ मध्ये भारतातील व्यवसाय आवरला.

३/ विशेष म्हणजे यंत्राचे झाकण जगासाठी उघडले तेही याच कंपनीने. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ जाहीर केला. फ्लोरिडातील बोका रॅटन येथील एका छोट्या चमूला तो सुमारे वर्षभरात तयार करायचा होता. म्हणून त्यांनी बाजारात मिळणारे सुटे भाग घेतले, मदरबोर्डवर पाच विस्तार-स्लॉट ठेवले आणि मंडलांच्या आकृत्यांसह तांत्रिक माहितीपुस्तिकाच प्रसिद्ध केली. हे औदार्य नव्हते, घाई होती. परिणाम मात्र दूरगामी झाला. त्या स्लॉटमध्ये बसेल असे कार्ड कोणीही बनवू शकत होते.

४/ कॉम्पॅक कंपनीने १९८२ च्या अखेरीस आयबीएमशी सुसंगत संगणक जाहीर केला आणि नकलांची लाट आली. हातून निसटलेला बाजार परत मिळवण्यासाठी आयबीएमने १९८७ मध्ये पीएस/२ ही मालिका आणली. तिचा स्लॉट नवा, अधिक वेगवान, पण परवान्याच्या कुलपात होता. १९८८ मध्ये कॉम्पॅकसह नऊ कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांनी स्वतःचा खुला पर्याय जाहीर केला. कुलूपबंद स्लॉट मागे पडला. पुढचे पीसीआय, एजीपी आणि आजचे पीसीआय एक्स्प्रेस हे स्लॉट याच खुल्या वाटेने आले. मला हा संगणकाच्या इतिहासातील सर्वांत दुर्लक्षित तह वाटतो. त्याच्यावर चित्रपट निघत नाहीत, पण आज कोणत्याही कंपनीचे कार्ड कोणत्याही कंपनीच्या बोर्डवर बसते ते त्याच्यामुळे.

५/ भारतात स्लॉट खुला होऊन भागत नव्हते. त्यात घालायची वस्तू परवडायलाही हवी होती. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयात सैल केली. १९९७ मध्ये भारत माहिती-तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि संगणक व त्याच्या अनेक भागांवरील आयात शुल्क २००५ पर्यंत टप्प्याटप्प्याने शून्यावर आले. मुंबईत रेडिओच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध असलेला लॅमिंग्टन रोड संगणकाच्या सुट्या भागांचा बाजार झाला. गोंदियाकरांसाठी त्याच्या जागी रेल्वेने सुमारे १३० किलोमीटरवरचे नागपूर आणि तेथील सीताबर्डी. ‘असेंबल्ड’ हा शब्द मराठी घरांत रुळला तो याच काळात.

६/ आता विदर्भातच जन्मलेल्या एका अभियंत्याकडे वळू. अकोला जिल्ह्यातील मुरंबा हे विजय भटकर यांचे जन्मगाव. अभियांत्रिकीचे पदवी शिक्षण नागपूरचे. १९८० च्या दशकात भारताला अमेरिकेकडून क्रे महासंगणक हवा होता. यंत्र अण्वस्त्र-संशोधनाकडे वळवले जाईल या भीतीने अधिक क्षमतेचे यंत्र नाकारण्यात आले. हवामान-अंदाजासाठी क्रे एक्स-एमपी १४ मिळाला, तोही अटींसह. १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले आणि भटकर त्याचे प्रमुख झाले. तीन वर्षांत महासंगणक उभा करायचा होता.

क्रेसारखा एकच प्रचंड वेगवान प्रोसेसर बनवणे आवाक्याबाहेरचे होते. म्हणून पुण्याने दुसरी वाट धरली. ब्रिटनच्या इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्यूटर नावाच्या चिप बाजारात मिळत. एकट्या चिपची ताकद बेताचीच, पण दुसऱ्या चिपशी थेट जोडण्याची सोय तिच्यातच होती. अशा अनेक चिप जोडायच्या, गणिताचे तुकडे करायचे आणि ते एकाच वेळी सोडवायचे. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ साकार झाला. कमाल क्षमता एक गिगाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला शंभर कोटी आकडेमोडी. प्रत्यक्ष कामात पुष्कळ कमी.

७/ पुढचा भाग आपल्या प्रश्नाच्या अधिक जवळचा आहे. ट्रान्सप्यूटर संवादात चपळ, पण आकडेमोडीत थोटका पडत होता. सी-डॅकने जुनी रचना मोडीत काढली नाही. ‘परम ८६००’ मध्ये ट्रान्सप्यूटरांच्या जोडीला इंटेलचा आय-८६० प्रोसेसर बसवला. दळणवळण जुन्यांकडे, जड गणित नव्याकडे. आधी लिहिलेले प्रोग्राम नव्या यंत्रावरही चालावेत म्हणून प्रोग्रामिंगची चौकट तीच ठेवली. सरकारी दफ्तरात याला काहीही म्हणोत, मी याला अपग्रेड म्हणतो.

८/ गेमचे ग्राफिक्स कार्ड याच तत्त्वावर चालते. पडद्यावरील लाखो ठिपक्यांचे रंग एकामागून एक काढण्याऐवजी शेकडो छोटी गणनकेंद्रे ते एकत्र काढतात. २०१७ मधले एनव्हिडियाचे जीटी १०३० हे साधेसुधे कार्ड घ्या. गणनकेंद्रे ३८४, विजेची भूक जेमतेम ३० वॅट, कमाल क्षमता सुमारे १.१ टेराफ्लॉप. गणिताची अचूकता निराळी असल्याने तुलना काटेकोर नव्हे. तरी कागदावर हा आकडा परम ८००० च्या हजारपट आहे.

पण येथे एक सापळा आहे. २०१८ मध्ये याच नावाची दुसरी आवृत्ती आली. तिच्यात जीडीडीआर५ ऐवजी संथ डीडीआर४ मेमरी होती. मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबीवरून सुमारे १७ जीबीवर घसरला आणि गेममधली कामगिरीही खूपच खाली आली. खोक्यावर नाव तेच! गणनकेंद्रांना दाणापाणी वेळेवर पोचले नाही, तर ती कितीही असोत, बसूनच राहतात.

९/ म्हणून फुलचूरच्या वाचकासाठी उत्तर असे. प्रथम रॅम, आणि तीही सारख्या दोन पट्ट्यांत. ग्राफिक्स कार्ड नसते तेव्हा चित्रेही रॅममधूनच काढली जातात; दोन पट्ट्यांमुळे मेमरीचा रस्ता दुपदरी होतो. मग हार्ड डिस्कऐवजी एसएसडी. तिच्याने खेळातील फ्रेम फारशा वाढणार नाहीत, पण गेम उघडण्याची प्रतीक्षा घटेल. कार्ड शेवटी.

१०/ आणि कार्डापूर्वी पेटी उघडून पाहा. (आपल्याकडे त्या पेटीलाच ‘सीपीयू’ म्हणतात, भाषेने केलेला हा अन्याय आता दुरुस्त होणे नाही.) कार्यालयांतून निघालेले रिफर्बिश्ड संगणक पुष्कळदा अरुंद असतात, त्यांत कमी उंचीचेच कार्ड बसते. एसएमपीएस जेमतेम क्षमतेचा आणि काही मॉडेलांत त्याची पिनही कंपनीची स्वतःची असते. बाजारातला साधा एसएमपीएस तेथे लागत नाही. १९८७ चे कुलूप स्लॉटवरून निघाले आणि पिनेवर जाऊन बसले, असे म्हणायला हरकत नाही. स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट वीज मिळते. वेगळी वायर न लागणारे कार्ड शोधायचे ते यासाठी.

११/ घाई मात्र रॅमची करावी. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव जगभर भडकले. कृत्रिम बुद्धिमत्तेची डेटा सेंटरे मेमरी उचलू लागली आणि मायक्रॉनने ‘क्रुशियल’ या नावाने चालणारा ग्राहक-व्यवसाय बंद करण्याची घोषणा केली. त्या डेटा सेंटरांत रांगेने लावलेली यंत्रे म्हणजे ग्राफिक्स कार्डांचीच थोरली भावंडे. तेव्हा सीताबर्डीत जाण्याआधी मदरबोर्डवर डीडीआर३ चालते की डीडीआर४, हे तपासून कागदावर लिहून घ्यावे. दोघींच्या खाचा वेगळ्या जागी असतात आणि एकीची पट्टी दुसरीत बसत नाही. जुनी डीडीआर३ असेल, तर वापरलेल्या पट्ट्या आधी विचाराव्यात.