परकायाप्रवेश आणि कर्नाळ्याचा नाग्या

‘ज्याचं जळतं त्यालाच कळतं’ ही म्हण आज साहित्यव्यवहारात जवळजवळ कायदा झाली आहे. आदिवासीवर आदिवासीने लिहावे, बाईवर बाईने. दुसऱ्या कोणी लिहिले तर ते पात्र लटकेच निघणार, असे गृहीत धरले जाते. हे मत मला मान्य नाही. पण ते खोडण्याआधी त्यातले खरे ते कबूल केले पाहिजे.

आपल्या कथांत दूरच्या माणसाच्या वाट्याला फार काळ कणव आली किंवा चेष्टा. गडी इमानी, मोलकरीण भाबडी, आदिवासी निष्पाप. १९७८ मध्ये दया पवारांचे ‘बलुतं’ आले आणि किती काही लिहायचेच राहिले होते ते अनेक वाचकांना उमगले. ‘बलुतं’ ही साक्ष आहे. साक्ष ज्याची त्यानेच द्यावी. तिथे मुखत्यारपत्र चालत नाही. इथवर पूर्वपक्षाशी माझे भांडण नाही.

भांडण आहे ते साक्षीचा नियम कादंबरीला लावण्याशी. कादंबरीत माणूस एकटा नसतो. विधवेच्या गोष्टीत सासराही येतो, कुळाच्या गोष्टीत सावकारही. नियम काटेकोर पाळायचा तर प्रत्येकाने आत्मचरित्रच लिहावे लागेल. शिवाय जवळीक म्हणजे जाण, हेही खरे नाही. जिच्या हातचे जेवून वाढलो त्या आईला ‘त्यागमूर्ती’ करून टाकणारे लेखक काय थोडे आहेत? तिथे वंश एक, घर एक, तरी आई कागदावर मेलेलीच उतरते.

उलट पुरावा आपल्याच भाषेत आहे. हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’मधून क्रमशः लिहायला घेतली, तेव्हा ते पंचविशी ओलांडलेले पुरुष होते. सगळी कथा नायिका यमूच्या तोंडून येते, आणि वाचणाऱ्याला यमूच ऐकू येते. मालती बेडेकरांची ‘बळी’ १९५० ची. सोलापूरला ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीत त्यांनी नोकरी केली होती. ‘बळी’त आलेले तारेच्या कुंपणाआडचे ते जगणे त्यांच्या जन्माचे नव्हते, रोजच्या पाहण्यातले होते.

आणि पनवेलकराने तर लांब जायलाच नको. मुंबई-गोवा रस्त्यावरून कर्नाळ्याचा सुळका दिसतो, त्याला मधमाश्यांची पोळी लटकलेली असतात. गो. नी. दांडेकरांची ‘जैत रे जैत’ याच डोंगराच्या पायथ्याच्या ठाकर आदिवासींची आहे. १९७७ मध्ये जब्बार पटेलांनी तिच्यावर चित्रपट केला. दांडेकर जन्माने परतवाड्याचे, ब्राह्मण घरातले. पण लहान वयात घर सोडून ते गाडगेबाबांबरोबर हिंडले, नर्मदेची परिक्रमा केली, गडकोट पायी पालथे घातले.

त्यांच्या नायकाला, नाग्याला, पुण्यवंत व्हायचे आहे. माशी त्याचा डोळा घेते. आपण पाप केले नाही, मग डोळा का गेला, हा त्याचा प्रश्न आहे आणि त्यासाठी तो देवाच्या डोंगराशी वैर धरतो. इथे लेखक शहाणपणाच्या उंचीवर उभा राहून ‘अंधश्रद्धा’ म्हणत नाही, आणि कीवही करत नाही. नाग्याच्या जगात पाप म्हणजे काय, पुण्य म्हणजे काय, ते नाग्याच्या मापाने मोजतो. नवरा सोडून आलेली चिंधीही कोणाच्या दयेची वाट पाहत नाही. म्हणून ही माणसे खरी वाटतात.

माझा सिद्धान्त एवढाच: पात्र लटके होते ते लेखकाच्या घाईने आणि कणवेने, त्याच्या जन्माने नाही. पेहराव आणि बोलीतले चार शब्द उचलून परकायाप्रवेश होत नाही. त्या माणसाला कशाची लाज वाटते, तो कोणाला भितो, कशापुढे वाकत नाही, हे कळेपर्यंत त्याच्या ओटीवर बसावे लागते. जन्माने जे आयते मिळत नाही ते असे कमवावे लागते.

आज पनवेल तालुक्यात विमानतळासाठी गावे उठली आहेत. शेजारी सोसायट्यांत घाटावरची, विदर्भातली, परप्रांतातली माणसे राहायला आली आहेत. उठलेल्या गावातल्या मुलाने आपली साक्ष लिहावीच, तिला पर्याय नाही. पण नव्याने आलेल्यालाही माझे सांगणे आहे: ‘हा माझा विषय नाही’ म्हणून दार लावून घेऊ नका. आगऱ्याच्या, कातकऱ्याच्या घरी जा, पुष्कळ ऐका, आणि मग लिहा.