घड्याळ कोणाचे?

ई-निविदेच्या अटींत एक वाक्य हमखास आढळते: बोली सादर करण्यासाठी सर्व्हरवर दिसणारी वेळच ग्राह्य धरली जाईल. बोलीदाराच्या मनगटावर मुदत संपायला दोन मिनिटे उरलेली असली, तरी त्याला अर्थ नाही. या अटीवरून उद्भवलेले वाद मी फायलींत वाचले आहेत आणि दर वेळी मला जुनी मुंबई आठवते.

एकोणिसाव्या शतकात रेल्वे मद्रासच्या वेळेवर चाले. तेथील वेधशाळेची वेळ तारेने दूरवर पोहोचे. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी हीच वेळ मुंबईवर लादून पाहिली. शहर बिथरले आणि १८८३ मध्ये आदेश मागे घ्यावा लागला. पुढे १ जानेवारी १९०६ पासून ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असलेली प्रमाणवेळ आली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्या ३९ मिनिटे मागे होती. ही ३९ मिनिटे गिरणी कामगाराच्या सकाळच्या झोपेतून जाणार होती, हे विसरून चालणार नाही. जेकब ससून गिरणीतील कामगारांनी निदर्शने केली. नगरपालिकेने तर मुंबईची वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत, एकवाक्यतेचा लाभ सर्वांना आणि तिची किंमत मोजक्यांना, अशी ही वाटणी होती.

संगणकांच्या जाळ्यात तोच प्रश्न मिलिसेकंदांवर आला. डेव्हिड मिल्स यांचा नेटवर्क टाइम प्रोटोकॉल १९८५ मध्ये नोंदला गेला. संगणक वेळ विचारतो. प्रश्न आणि उत्तर निघण्या-पोहोचण्याच्या चार नोंदींवरून प्रवासातील विलंब वजा करून आपले घड्याळ किती चुकले ते काढतो. जाण्यायेण्यास सारखाच वेळ लागतो, हे मात्र त्यात गृहीत असते.

तरीही मूळ घड्याळ कोणाचे, हे गणित सांगत नाही. ते शासनच ठरवते. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सर्ट-इनने राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या सर्व्हरशी घड्याळे जुळवण्यास सांगितले. सायबर हल्ल्याच्या तपासात दहा यंत्रांच्या नोंदी एका क्रमात लावायच्या, तर याला पर्याय नव्हता. अनेक देशांत यंत्रणा असलेल्या कंपन्यांना अन्य स्रोताची मुभा मिळाली, अट एवढीच की त्यांची वेळ यांच्यापासून ढळू नये. मुंबईच्या नगरपालिकेला अशी सवलत कोणी देऊ केली नव्हती. तिने ती स्वतःच घेतली होती.